प्रभुभोजनाची भाकर

टांगा दारात थांबला तेव्हा मंदाकिनी वांगी चिरत होती. तिच्या धाकट्या भावाने, जयसिंगने, आधी बाजरीचं गाठोडं उतरवलं आणि मग आईपुढे हात केला. सोजरबाईंनी तो घेतला नाही. दांड्याला धरून त्या आपल्या आपणच उतरल्या.

बाहत्तराव्या वर्षीही त्यांचा नेम ठरलेला होता. नोव्हेंबर लागला, नवी बाजरी घरात आली, की सासवडकडच्या आपल्या गावातून एस.टी. धरायची, स्वारगेटला उतरायचं आणि रविवारी जावयाच्या देवळात पहिल्या रांगेत बसून हंगामाची उपकारस्तुती करायची. जावई म्हणजे रेव्हरंड शरच्चंद्र पाळंदे, नाना पेठेतल्या मराठी ख्रिस्ती मंडळीचे पाळक. त्यांच्याशी मंदाकिनीचं लग्न झाल्यापासून सोजरबाईंचा हा रविवार एकदाच चुकला होता, नवरा गेला त्या साली.

"सलाम, आई," मंदाकिनी म्हणाली.

"सलाम. वाळलीस गं."

"मी कुठे, तूच वाळलीस."

"म्या म्हातारी झाले. तुला काय झालं?"

काय झालं ते एका वाक्यात सांगण्यासारखं नव्हतं. तिचा थोरला, श्रीधर, चार वर्षं स्कॉटलंडमध्ये ईश्वरविज्ञान शिकून जूनमध्ये परतला होता. उद्या तो पहिल्यांदाच वडलांच्या जागी उभा राहून प्रभुभोजन, म्हणजे ख्रिस्ताच्या आठवणीत मोडून वाटायचा पाव, देणार होता. त्याने मंडळीच्या पंचकमिटीपुढे अर्ज ठेवला होता, की प्रभुभोजनाला बेकरीतला पाव नको, बाजरीची भाकर असावी. कमिटी दुभंगली. तिघं बाजूने, तिघं विरुद्ध. विरुद्ध असणाऱ्यांत सगळ्यांत जुने पंच होते, निवृत्त हवालदार हिंदुराव ओहोळ. पाळक अध्यक्ष, ते मत देत नसत. उरलं एक मत, जयसिंगचं. ते आज संध्याकाळी पाच वाजता पडायचं होतं.

सोजरबाई हातपाय धुवायला मागे गेल्या तसा जयसिंग स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसला. तो खडकीच्या कारखान्यात फोरमन होता. बोलताना अजूनही यंत्राच्या आवाजावरून बोलल्यासारखा मोठ्याने बोले.

"हळू," मंदाकिनी म्हणाली. "काय ठरवलंस तू?"

"ठरवायचं काय त्यात? भाच्याला शब्द दिलाय. मला तर पटलं बाई त्याचं. गोरे जाऊन बावीस वर्षं झाली आणि आपण अजून त्यांचाच पाव चावतोय. दाजी काय म्हणतात?"

"म्हणतात कुठे. आठ दिवस दोघं मीठ मागण्यापुरतं बोलतायत. काल मात्र म्हणाले, चिरंजीव ईश्वरविज्ञान शिकायला गेले होते, स्वयंपाक शिकून आले."

जयसिंग हसला. मंदाकिनीला हसू आलं नाही.

"आईला सांगितलंस का?" तिने विचारलं.

"नाही. श्रीधर म्हणाला, मीच सांगणार. आजीला आनंद होईल म्हणतो. तिच्याच हातची भाकर ठेवायची आहे त्याला."

मंदाकिनीने चिरलेली वांगी पाण्यात टाकली. आईला आनंद होईल की नाही, हे तिला सांगता आलं नसतं. एकोणपन्नास वर्षांत तिने आईच्या तोंडून लहानपणाची एकही गोष्ट ऐकली नव्हती. आईच्या गोष्टी सुरूच होत त्या मिशनच्या शाळेपासून. त्याआधी काय होतं, हे विचारायचं नसतं, एवढं मात्र घरात सगळ्यांना न सांगता कळलेलं होतं.

बारा वाजता सगळे पानांवर बसले. धाकटी उल्का सकाळीच मंडईतून देवळात मांडायला दोन तांबडे भोपळे घेऊन आली होती, ते खोलीच्या कोपऱ्यात ठेवले होते. शरच्चंद्रांनी जेवणापूर्वीची प्रार्थना केली. ती नेहमीपेक्षा आखूड होती. दोन घास गेले आणि श्रीधर म्हणाला, "आजी, उद्यासाठी तुझ्याकडे एक काम आहे."

"सांग की."

"तुझ्या नव्या बाजरीच्या चार भाकरी हव्यात. तुझ्याच हातच्या. उद्या प्रभुभोजनाला मी पावाऐवजी त्या मोडणार आहे."

सोजरबाईंचा हात ताटावरच थांबला.

"कुटं ठेवनार भाकर?"

"मेजावर. पावाच्या जागी. आपल्या शास्त्रात प्रभू स्वतःला भाकर म्हणवतो ना, आजी. पाव नाही म्हणवत. मग आपण परक्याचं का म्हणून ठेवायचं? आपल्या घरात जे शिजतं तेच..."

"मंग उद्या म्या देवळात येत न्हाई," सोजरबाई म्हणाल्या.

आवाज चढला नव्हता. त्यांनी हातातला घास खाली ठेवला, पाण्याने बोटं धुतली, गुडघ्यावर हात टेकून त्या उठल्या आणि मागच्या दाराने बाहेर पडल्या. मंदाकिनी उठायला लागली तसे शरच्चंद्र म्हणाले, "बस. त्यांना एकटं राहू दे थोडं."

*

श्रीधरला आधी वाटलं, आजीला नीट कळलं नाही. मग वाटलं, कुणीतरी तिचे कान भरले आहेत. त्याने वडलांकडे पाहिलं.

"माझ्याकडे बघू नकोस," शरच्चंद्र म्हणाले. "मी तुझ्या विरुद्ध आहे, पण म्हाताऱ्या बायकांना पुढे करून लढत नाही."

"तुम्ही विरुद्ध का आहात, हे तरी सांगा एकदा. आठ दिवस विचारतोय मी."

"कारण मंडळी म्हणजे तुझा प्रबंध नव्हे. हिंदुरावांसारखी माणसं चाळीस वर्षं त्या मेजापुढे गुडघे टेकतायत. त्यांना उद्या सकाळी एकदम सांगायचं, की आजवर घेतलंत ते परकं होतं?"

"असं मी म्हणालो नाही."

"तसंच ऐकू येतं ते."

श्रीधरने पान बाजूला सारलं. त्याला स्कॉटलंडमधल्या एका गावातलं देऊळ आठवलं. डोंगराच्या कुशीतलं, दगडी, रविवारी जेमतेम वीस माणसं. प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी त्याच्या घरमालकीणबाईने स्वतःच्या भट्टीत पाव भाजला होता, तोच दुसऱ्या दिवशी मेजावर होता. तिच्या बोटांचे ठसेसुद्धा वरच्या कवचावर दिसत होते. ते पाहून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्या लोकांनी परदेशातून काही मागवलं नव्हतं. आपल्या चुलीवरचं देवाला दिलं होतं.

हे त्याने आता सगळ्यांना सांगितलं.

"तिथे ते त्यांचं घर होतं, बाबा. आपल्याकडे येताना तेवढं घर गळलं आणि नुसता पाव राहिला. मला ते घर परत आणायचंय. बाकी काही नाही."

शरच्चंद्रांनी मुलाकडे आठ दिवसांत पहिल्यांदा सरळ पाहिलं.

जयसिंगने घसा खाकरला. "श्रीधर, तुझं म्हणणं खोटं नाही. पण आई येणार नसेल तर माझं मत तुला मिळायचं नाही. शब्द परत घेतो मी. राग मानू नकोस."

"मामा, कारण तरी विचाराल की नाही तिला?"

"कारण मला ठाऊक नाही, आणि आजवर तिला विचारायची हिंमतही झालेली नाही."

"मी विचारते," उल्का म्हणाली. ती फर्ग्युसनमध्ये एम.ए. करत होती आणि गेले आठ दिवस भावाची बाजू एकनिष्ठपणे घेत होती. "पण दादा, एक सांगू? तू आजीला विचारलंस, भाकरी करशील का. भाकर चालेल का, हे नाही विचारलंस. आणि मीही नाही विचारलं."

श्रीधरला हे लागलं. तो उठला. उल्काही उठली. दोघं मागच्या दाराने बाहेर गेले.

*

सोजरबाई पेरूच्या झाडाखाली धुण्याच्या दगडावर बसल्या होत्या. नातवंडं येऊन जवळ मातीतच बसली ते त्यांनी पाहिलं. श्रीधरचा चेहरा लहानपणी पडून आल्यावर व्हायचा तसा झाला होता. त्याला दुखवावं असं त्यांच्या मनात नव्हतं. या पोराने परत यावं म्हणून त्यांनी चार वर्षं रोज सकाळी देवाचं डोकं खाल्लं होतं.

"आजी, माझं चुकलं," तो म्हणाला. "पण काय चुकलं ते सांग."

सांगावं की न सांगावं, हे त्यांनी थोडा वेळ मनात तोललं. नवऱ्याशीसुद्धा त्या हे कधी बोलल्या नव्हत्या. बोलायची गरजच नव्हती. तो त्याच महारवाड्यातला होता.

"माज्या बापाकडं येसकरकी व्हती," त्यांनी सुरुवात केली. "गावची राखन करायची, सांगावे पोचवायचे, मेलेलं ढोर वढायचं. त्याबद्दल घरपती भाकर. सांजच्याला आमची आय पाटी घिऊन गावात जायाची. मी मागनं. दारात उभं राहून हाळी द्यायची, 'येसकराला भाकर वाढा वं माय.' मंग घरातली बाई यायची आन् वरनं टाकायची. आमचा इटाळ व्हऊ नये म्हून उंचावरनं. कंदी पाटीत पडायची, कंदी मातीत. शिळी, करपलेली, कुत्र्यानं तोंड लावलेली. मातीतली उचलायची, झाडायची, पाटीत ठेवायची आन् म्होरच्या दाराला जायाचं."

श्रीधरने मान खाली घातली.

"दादा माजा, तू शिकलास, तू म्हनतोस भाकर आपली. माज्या कानाला 'भाकर' म्हनलं की ती हाळी ऐकू येती बग. साठ वर्सं झाली, अजून ऐकू येती."

मागच्या दारात मंदाकिनी येऊन उभी होती. तिच्या मागे जयसिंग, आणि त्याच्या मागे शरच्चंद्र. सोजरबाईंना ते दिसलं. आता सुरुवात झालीच होती तर पुरतं सांगावं, असं त्यांच्या मनाने घेतलं.

"मी चौदा वर्सांची व्हते. बाप्तिस्मा झाला आन् मिशनच्या मडमेनं पैल्यांदा मला प्रभुभोजनाला बसवलं. बाया एका अंगाला, बापे एका अंगाला, समदे जमिनीवर. पावाचं ताट हातनं हातात जायाचं. बायांच्या रांगंत मी शेवटची. माज्या म्होरं बापयांच्या रांगंत पैले कोन, ठावं हाय? तुमचे आजोबा. यज्ञेश्वरशास्त्री."

हे नाव ऐकून शरच्चंद्र एक पायरी खाली उतरले. यज्ञेश्वर पाळंदे त्यांचे वडील. सदाशिव पेठेतलं वैदिक घराणं सोडून ख्रिस्ती झालेले, मंडळीत आजही ज्यांचं नाव हात जोडून घेतलं जाई ते.

"पुन्याहून नवेनवेच आले व्हते गावाला उपदेश करायला. शेंडी काढल्याला डाग बी ताजा व्हता. आता ताट माज्या हातातनं त्यांच्या हातात जायाचं. माजा हात थरथरायला लागला. मी बगितलं तर त्यांचा बी थरथरत व्हता. ताट धरलं त्यांनी. तुकडा उचलला. खाल्ला. आन् उठून भाईर गेले."

"बाहेर का?" उल्काने विचारलं.

"वकले. भिताडामागं."

उल्काने वडलांकडे पाहिलं.

"मी शेवटाला व्हते, मला खिडकीतनं दिसलं. मला वाटलं, झालं. गेला हा बामन पुन्याला परत. पर त्यांनी रांजनातल्या पान्यानं तोंड धुतलं आन् परत आत येऊन माज्या म्होरंच बसले. उपासना झाल्याव मला म्हनले, बाई, तुमचं नाव काय? मला जन्मात कुनी 'बाई' म्हनलं नव्हतं. फुडल्या म्हयन्याला परत ताट माज्याच हातातनं घेतलं. ह्या बारीला बसून राहिले."

सोजरबाईंनी जावयाकडे पाहिलं. "जावईबापू, हे म्या तुमाला कंदी सांगितलं न्हाई. शास्त्रीबुवांना कमीपना येईल म्हून न्हाई सांगितलं. पर कमीपना न्हाई त्यात. ते परत आले, म्हून तर म्या माजी लेक त्यांच्या घरात दिली."

शरच्चंद्र पायरीवरच बसले.

"तो पाव त्यांच्या घरचा नव्हता आन् माज्या बी घरचा नव्हता," सोजरबाई म्हणाल्या. "त्यो खाऊन ते बाटले आन् मी मानूस झाले. म्हून त्यो चालला दोगांना. भाकर आसती तर ती कुनाच्या तरी चुलीची आसती रं. मंग कोन वाढनार आन् कोन पदर पसरनार, ते आलंच की मागनं."

चार वर्षांत श्रीधरने संस्कृती आणि शुभवर्तमान यांच्यावर पुष्कळ वाचलं होतं. हे कुठल्या पानावर नव्हतं.

"मी अर्ज मागे घेतो, आजी," तो म्हणाला.

उल्का मात्र अजून आजीकडेच बघत होती. तिने हलकेच विचारलं, "आजी, त्या पाटीतल्या भाकरी घरी आणल्यावर तुला कोण वाढायचं?"

"आय."

"तीही टाकायची?"

"येडी का काय तू? आय कशाला टाकंल?" सोजरबाई म्हणाल्या आणि मग थांबल्या. त्यांचे डोळे समोरच्या भिंतीवर होते, पण त्या भिंत पाहत नव्हत्या. "ती निवडायची. त्यातल्या त्यात चांगली बगायची. पदरानं पुसायची. चुलीच्या आरावर जरा गरम करायची, आन् मोडून हातात द्यायची. पैली मला. मंग बापाला. समद्यांच्या मागनं सोता."

एवढं बोलून त्यांनी पदर तोंडाला लावला. मंदाकिनी धावत येऊन त्यांच्याजवळ बसली. आईला रडताना तिने फक्त वडील गेले तेव्हा पाहिलं होतं.

"काय नाव होतं तिचं?" मंदाकिनीने विचारलं. स्वतःच्या आजीचं नाव तिला ठाऊक नव्हतं.

"मथुरा. मथुराबाई."

थोड्या वेळाने सोजरबाईंनी डोळे पुसले आणि श्रीधरच्या डोक्यावर हात ठेवला. "उद्या पावच आसू दे. पर तुजा इचार टाकून दिऊ नगंस. साठ वर्सं पाव खाल्ला म्या. भाकरीपशी यायला मला वाईच येळ दे."

"दिला, आजी."

मग त्या जावयाकडे वळल्या. "जावईबापू, येक मागनं हाय. उद्या तुमी प्रभूत निजल्यांची नावं वाचाल. माज्या मालकाचं वाचाल, शास्त्रीबुवांचं वाचाल. माजी आय बाप्तिस्मा न घेता गेली. मडमेनं लई सांगितलं तिला, पर तिला खंडोबा सुटंना. तिचं नाव न्हाई व्हय घ्यायचं?"

शरच्चंद्र पायरीवरून उठले. "ती यादी बाप्तिस्मा घेतलेल्यांची असते, आई," ते सावकाश म्हणाले. "मंडळीचा नियम आहे तो."

"बरं," सोजरबाई म्हणाल्या. त्या नियम मानणाऱ्या होत्या. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही.

पाच वाजता पंचकमिटी बसली. श्रीधरने अर्ज मागे घेतला. जयसिंगला मत द्यावंच लागलं नाही. हिंदुराव ओहोळांनी संशयाने विचारलं, "का बरं? घाबरलात का आम्हाला?" श्रीधर म्हणाला, "नाही, हवालदारसाहेब. मी नीट विचारलं नव्हतं, ते आज विचारलं." हिंदुरावांना ते उत्तर कळलं नाही, पण आवडलं असावं. जाताना त्यांनी श्रीधरच्या पाठीवर थाप मारली.

*

रविवारी देऊळ भरून गेलं. मेजाच्या दोन्ही बाजूंना ऊस उभे केले होते, खाली भोपळे, मुळ्याच्या जुड्या, केळीचे घड, आणि मधोमध सोजरबाईंच्या बाजरीची परडी. मेजावर पांढऱ्या कापडाखाली पावाचं ताट होतं. श्रीधर झगा घालून मेजामागे उभा होता. शरच्चंद्रांना तो क्षणभर स्वतःच्या वडलांसारखा दिसला.

रात्रभर त्यांच्या मनातून वडील गेले नव्हते. लहानपणापासून त्यांनी एका पहाडासारख्या माणसाची गोष्ट ऐकली होती, ज्याने एका सकाळी जानवं नदीत सोडलं आणि पुन्हा मागे पाहिलं नाही. स्वतः शरच्चंद्रांनी ती गोष्ट कितीदा तरी प्रवचनात सांगितली होती, आणि दर वेळी आपण त्या मापाचे नाही असं वाटून ते घरी आले होते. काल पेरूच्या झाडाखाली त्यांना वेगळेच वडील भेटले होते. भिंतीमागे वाकलेले. तोंड धुऊन परत आत जाऊन बसलेले. या माणसावर त्यांना प्रेम करता येत होतं.

स्तोत्र संपलं. शरच्चंद्र यादी घेऊन पुढे आले. दर वर्षीचाच कागद, शेवटी तीन नवी नावं. मंडळी उभी राहिली.

त्यांनी वाचायला सुरुवात केली. यज्ञेश्वर पाळंदे. सोजरबाईंचे पती सोनबा मास्तर. एकेक नावाला कुठून तरी खाली झुकलेली मान, कुठून हुंदका. शेवटचं नाव झालं. यानंतर ते दर वर्षी "आमेन" म्हणत आणि खाली बसत.

ते बसले नाहीत. समोर पहिल्या रांगेत सोजरबाई डोळे मिटून उभ्या होत्या. काही अपेक्षा करत असल्यासारखं त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. तेच शरच्चंद्रांना सहन होईना.

"यादीत नसलेलं एक नाव मी घेणार आहे," ते म्हणाले. "मथुराबाई. आमच्या सोजरबाईंची आई. त्यांचा बाप्तिस्मा झाला नव्हता. त्या कुठे आहेत हे मला माहीत नाही. देवाला माहीत आहे. पण स्वतः उपाशी राहून त्यांनी आपल्या मुलीला भाकर मोडून दिली, म्हणून ती मुलगी जगली, आणि म्हणून माझं घर उभं आहे."

सोजरबाईंनी डोळे उघडले.

शरच्चंद्रांनी कागदाची घडी घातली, आणि ती हातातच राहिली. त्यांना आणखी एक नाव सुचलं होतं, जे त्यांच्या घरात कुणीच घेत नसे. वडील ख्रिस्ती झाल्यावर त्यांच्या आईने जिवंत मुलाच्या नावाने घडा फोडून आंघोळ केली होती. पुढे आठ वर्षं ती जगली, पण तिने मुलाचं तोंड पाहिलं नाही. ती गेल्याचं पत्र आलं तेव्हा वडील खोलीचं दार लावून दिवसभर आत बसले होते. शरच्चंद्र तेव्हा पाळण्यात होते. हे सगळं त्यांना स्वतःच्या आईने सांगितलेलं होतं.

"आणखी एक," ते म्हणाले. "आनंदीबाई पाळंदे. माझ्या वडलांची आई. तिने त्यांना मेलेलं धरलं. पण त्यांना जेवायला तिनेच शिकवलं होतं."

पंचांच्या बाकापाशी जयसिंग मान खाली घालून उभा होता. त्याच्या शेजारी हिंदुराव ओहोळ ताठ उभे होते आणि त्यांच्याकडे पाहायला शरच्चंद्रांना धीर होत नव्हता. बारा वर्षांपूर्वी हिंदुरावांनी आपल्या बहिणीचं नाव यादीत घालायची विनंती केली होती. तिनेही बाप्तिस्मा घेतला नव्हता. शरच्चंद्रांनी नियम दाखवला होता आणि हवालदारांनी सॅल्यूट ठोकल्यासारखी मान हलवून तो मानला होता. पुढे मंडळीच्या प्रत्येक नियमाचे ते राखणदार झाले.

"पाळकसाहेब," हिंदुराव म्हणाले.

"बोला, हवालदारसाहेब."

"आणखी एक नाव घ्या." त्यांचे हात शिस्तीत बाजूला होते, फक्त हनुवटी हलत होती. "सगुणा. माझी बहीण. आईमागे तिने मला वाढवलं."

"सगुणाबाई," शरच्चंद्र म्हणाले. "मला क्षमा करा, हिंदुराव. हे मी तेव्हाच घ्यायला हवं होतं."

"घेतलंत. झालं."

मग बायकांच्या बाजूने कुणीतरी एक नाव उच्चारलं. मागून दुसरं. शरच्चंद्र प्रत्येक नाव मोठ्याने म्हणत गेले. आजे, पणजे, मावश्या, एक सावत्र आई, गावच्या देवीच्या पुजारणी, कुणाचा तमाशात ढोलकी वाजवणारा चुलता. स्तोत्रांना पेटी वाजवणारी मंदाकिनी तिथेच बसून ती आपल्या स्तोत्रांच्या वहीच्या मागच्या पानावर लिहीत होती, कारण पुढच्या वर्षी यादी लागणार होती. उपासना अर्धा तास लांबली. कुणी घड्याळ पाहिलं नाही.

नावं संपली तेव्हा शरच्चंद्रांनी श्रीधरला खूण केली. श्रीधरने पावावरचं कापड काढलं, पाव मोडला आणि ताट घेऊन पहिल्या रांगेपाशी गेला. नेहमी पाळक प्रत्येकाच्या तळहातावर तुकडा ठेवत. श्रीधरने ताटच आजीच्या हातात दिलं. सोजरबाईंनी तुकडा घेतला आणि ताट शेजारच्या बाईकडे केलं, तिने पुढच्या बाईकडे. रांगेच्या टोकाला ते पुरुषांच्या बाजूला गेलं.

शरच्चंद्रांनी उपकारस्तुतीची लांबलचक प्रार्थना लिहून आणली होती. पाऊस, पीक, सरकार, शेजारी, सगळं क्रमाने होतं. त्यांनी ती खिशातच राहू दिली.

"प्रभू," ते म्हणाले, "या सगळ्यांनी आम्हाला जेवू घातलं. तू त्यांना विसरला नव्हतास. आम्ही विसरलो होतो. आम्ही आभारी आहोत."

"आमेन," सोजरबाई म्हणाल्या, आणि त्यांच्यामागून सगळी मंडळी.